बॅनर की सर्च? हापूसच्या हंगामातलं जाहिरातीचं बजेट

पेट्या थेट घरपोच विकणाऱ्या देवगड-रत्नागिरीच्या बागायतदाराला जाहिरातीसाठी जेमतेम एप्रिल-मे मिळतो. हातात तीस हजार असतील (18 टक्के जीएसटी वेगळा, तो आधीच वजा धरा), तर ते गूगल सर्चवर लावायचे की वेबसाइटींवर झळकणाऱ्या बॅनरवर?

वरवर पाहता बॅनर स्वस्त. समजा, सर्चचा क्लिक 25 रुपयांना पडला आणि बॅनरचा 15 ला. पण सर्चवाला स्वतः ‘देवगड हापूस पेटी पुणे’ टाइप करून आलेला असतो, बॅनरवाला क्रिकेटचा स्कोअर बघत असतो. सर्चच्या 100 क्लिकमधून 4 ऑर्डर आल्या, तर ऑर्डरमागे 625 रुपये गेले. बॅनरच्या 200 क्लिकमधून एकच आली, तर 3000. एवढं पेटीत सुटतं कुठे? आकडे नमुन्याचे आहेत. स्वतःचे घालून हाच हिशोब करा.

बॅनरचे क्लिकही पारखून घ्यावे लागतात. मोबाइल गेममध्ये जाहिरात बंद करायला गेलेला अंगठा बॅनरवर पडतो आणि पैसे तुमचे कापले जातात. प्लेसमेंटचा रिपोर्ट, म्हणजे बॅनर कुठल्या साइटवर नि अ‍ॅपमध्ये दिसला त्याची यादी, उघडा. वर गेम आणि टॉर्चची अ‍ॅप्स दिसली, तर अ‍ॅप कॅटेगरीच वगळा. ‘ऑप्टिमाइज्ड टार्गेटिंग’ (तुम्ही निवडलेल्यांपलीकडच्या लोकांनाही बॅनर दाखवणारी सोय) आपोआप चालू असतं, तेही तपासा. आणि इम्प्रेशनच्या, म्हणजे जाहिरात किती वेळा दाखवली त्या, आकड्याने हुरळू नका: प्रचलित मापदंडानुसार बॅनरचा अर्धा भाग एक सेकंद पडद्यावर राहिला की तो ‘दिसला’ धरतात.

सर्चमध्ये पैसे वाया जातात ते दुसऱ्या वाटेने. ‘रेसिपी’, ‘कलम’, ‘पल्प’, ‘आजचा बाजारभाव’ हे निगेटिव्ह कीवर्ड (ज्यांच्या शोधावर जाहिरात दिसू नये असे शब्द) पहिल्याच दिवशी घाला. लोकेशनमध्ये ‘त्या ठिकाणी असलेले’ एवढाच पर्याय ठेवा. मूळ सेटिंगमध्ये त्या शहरात नुसता रस असलेलेही येतात.

मग बॅनर अजिबात नको का? एका कामासाठी हवा, आणि तिथे तो चोख आहे: साइटवर येऊन दर बघून गेलेल्यांना परत आणायला. या रिमार्केटिंगच्या यादीत 30 दिवसांत किमान 100 सक्रिय माणसं लागतात, म्हणजे सर्च आधी सुरू करावंच लागतं. यादीतून ऑर्डर दिलेल्यांना काढा आणि एका माणसाला दिवसात तीनदाच दिसेल अशी मर्यादा घाला. स्वतः बॅनर करणार असाल, तर 300×250 आणि 320×50 आधी करा, फाइल 150 केबीच्या आत. 320×50 मध्ये आंब्याचा फोटो म्हणजे नुसता पिवळा डाग. तिथे ‘देवगड हापूस, 5 डझन’, दर आणि बटण एवढंच बसतं.

‘व्ह्यू-थ्रू’ रकान्यातल्या ऑर्डरी बॅनरच्या खात्यावर डोळे मिटून धरू नका. नुसता बॅनर दिसलेला आणि नंतर दुसऱ्या वाटेने घेणारा त्यात मोजला जातो. तो कदाचित घेणारच होता. खरंखोटं करायचं तर ऑर्डरींचा कल सारखा असलेली दोन शहरं घ्या, एकात बॅनर चालवा, दुसऱ्यात बंद ठेवा आणि दोन्हीकडच्या एकूण ऑर्डरी ताडून बघा.

सुरुवातीला 25 हजार सर्चला, 5 हजार रिमार्केटिंगला. नव्या लोकांसाठी बॅनर मात्र इतक्यात नको. सर्चमध्ये ‘बजेटअभावी हुकलेल्या इम्प्रेशनचा वाटा’ हा रकाना लावा. तो 10 टक्क्यांच्या वर आहे तोवर हाती येणारा जास्तीचा प्रत्येक रुपया सर्चलाच द्या.