एपिपेन : घ्यावं की अँप्यूलवर भागवावं?

शेंगदाणा, काजू किंवा कोळंबीची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाचा घसा आवळायला लागला, की अ‍ॅलर्जीवरच्या सेट्रिझिनच्या गोळीवर विसंबू नये. तिने खाज कमी होते, पण श्वास मोकळा होत नाही. तिथे लागतं अ‍ॅड्रेनलिन, तेही मांडीच्या स्नायूत आणि ताबडतोब. एपिपेन म्हणजे दाबलं की आपोआप सुई टोचणारं पेन; त्यात ते मोजून भरलेलं असतं : 30 किलोपासून पुढे 0.3 मिलिग्रॅमचं पिवळं पेन, 15 ते 30 किलोच्या मुलांना 0.15 चं हिरवं.

वापरायला सोपं आहे. निळी टोपी सरळ वर ओढायची, नारिंगी टोक मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला काटकोनात ‘खट्’ होईपर्यंत दाबायचं आणि तीन सेकंद धरायचं. पँटवरूनही चालतं, मात्र खिशातल्या किल्ल्या आड यायला नकोत. घाईत पेन उलटं धरलं तर सुई अंगठ्यात जाते. म्हणून पेन मुठीत धरावं, अंगठा कुठल्याच टोकावर ठेवू नये. लहान मुलाचा पाय घट्ट धरावा; झटका दिला तर सुईने मांडी फाटते. नंतर पेनात बरंच औषध उरलेलं दिसतं आणि घरचे घाबरतात. आत भरलेलं असतं 2 मिली, बाहेर येतं फक्त 0.3 मिली. नारिंगी टोक लांब होऊन सुई झाकली गेली, म्हणजे डोस गेला.

खरी अडचण आपल्याकडच्या उन्हाची. पेन 20 ते 25 अंशांत ठेवायचं असतं. नागपूरच्या मे महिन्यात उभ्या गाडीत ते वाया गेलंच म्हणून समजा. फ्रिजमध्येही ठेवू नये. इन्सुलिन थंड ठेवायचा पाऊच चालेल, पण बर्फ थेट लागू देऊ नका. पेनवरच्या पारदर्शक खिडकीतलं औषध तपकिरी दिसलं तर पेन बदला. त्यात ते इथल्या केमिस्टकडे सहज मिळत नाही, आणि परदेशातून कुणी आणेपर्यंत मुदतीतले काही महिने गेलेले असतात.

अँप्यूल, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनची बंद काचेची कुपी, स्वस्त आहे : 1 मिलीत 1 मिलिग्रॅम. डोस किलोला 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे 20 किलोच्या मुलाला 0.2 मिली. पण काच फोडून मोजून भरायला वेळ जातो. कॅनडातल्या 2001 च्या चाचणीत पालकांना सरासरी 142 सेकंद लागले, आणि भरलेल्या डोसांतही प्रचंड फरक निघाला. इन्सुलिनची सिरिंज तर नकोच. तिच्यावर युनिटच्या खुणा असतात आणि सुई स्नायूपर्यंत पोचत नाही. 1 मिलीची सिरिंज, एक इंची सुई आणि डॉक्टरांनी मिलीमध्येच लिहून दिलेला डोस, एवढं एका डबीत ठेवा. सरावाला सलाइनचं अँप्यूल फोडा.

परवडत असेल आणि मिळत असेल तर पेनच घ्यावं, तेही दोन. 5 ते 15 मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरं लागतं. पहिल्या डोसनंतर रुग्णाला आडवं झोपवून पाय उंच ठेवा (दम लागत असेल तर बसू द्या), उठून चालू देऊ नका, आणि बरं वाटलं तरी 108 ला फोन करून दवाखान्यात न्या. काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो. सोबत सरावाचं बिनसुईचं ट्रेनर पेनही मागवा आणि घरच्यांसकट शाळेतल्या बाईंनाही ते दाबून पाहू द्या.