एव्हबरीचा रेड लायन की ब्रेटफर्टनचा फ्लीस?

इंग्लंडमधल्या एकाच जुन्या गावठी पबला जायला वेळ असेल, तर माझं मत फ्लीसला.

विल्टशरमधल्या रेड लायनची जागा खरोखर अजब आहे. गवताने शाकारलेला हा पब उभा आहे तो चक्क नवाश्मयुगीन शिळावर्तुळाच्या आत. पबमध्ये जुनी विहीर आहे, तिच्यावर काच टाकून टेबल केलंय. भुताच्या गोष्टीही आहेतच. स्विंडनहून बस मिळते, त्यामुळे गाडी नसली तरी अडत नाही. पण गर्दी शिळा बघायला आलेल्यांची. गावकरी शोधावे लागतात.

वूस्टरशरमधला फ्लीस मुळात शेतकऱ्याचं घर. १८४८मध्ये तिथे पब सुरू झाला आणि तो त्याच घराण्याकडे राहिला. शेवटच्या मालकीणबाई लोला टॅप्लिन यांनी १९७७मध्ये तो नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या नावे केला. पबमध्ये बटाट्याचे वेफर्स विकायचे नाहीत, ही त्यांची अट! चुलाण्यापुढे पांढरी वर्तुळं काढलेली दिसतात: धुराड्यातून चेटकिणी उतरू नयेत म्हणून. आपल्याकडच्या लिंबू-मिरचीचीच ही बहीण. २००४मध्ये आगीत छप्पर गेलं, पण पब पुन्हा उभा राहिला. मे महिन्यात गेलात तर शतावरीच्या कोंबांचा लिलावही बघायला मिळेल. मात्र गाडी हवी, आणि चालवणाऱ्याने बिअरच्या पाइंटचा मोह टाळायचा.

दोन्हीकडे वेटरची वाट बघत बसू नका. बारवर जाऊन ऑर्डर द्यायची, पैसेही तिथेच.