ओढ्याच्या पाण्यावरचं जातं : जुलै ते जानेवारीच्या वापरानंतर

गगनबावडा, राधानगरीकडच्या वस्त्यांवर ओढा दाराशेजारून वाहतो आणि दळणाचा डबा मात्र गिरणीपर्यंत न्यावा लागतो. त्यात पावसाळ्यात विजेचा नेम नाही. अशा घरानं पाण्यावरचं जातं बसवावं का? भाकरीच्या पिठासाठी जरूर बसवावं. चपातीसाठी नको, गहू दोनदा घालावा लागतो, तरी चाळणीत बराच कोंडा उरतो.

आधी पाणी मोजा. ओढा पाइपात वळवून २०० लिटरचं बॅरल १० सेकंदांत भरलं, तर सेकंदाला २० लिटर मिळतात. वरच्या पाण्यापासून चाकापर्यंत ४ मीटर उतार असेल तर हिशेबानं ७८५ वॅट होतात. साध्या पात्यांच्या आडव्या चाकावर त्यातले ३०० च्या आसपास हाती लागतात. तेवढ्यावर १६ इंची काळ्या दगडाचं जातं तासाला ५ किलो जोंधळा दळतं. पाइप ६ इंची, धारेचं तोंड सव्वादोन इंची, चाक २८ इंची. ही मापं एकमेकांवर बेतलेली आहेत, एकच बदलू नका. धार सेकंदाला साडेआठ मीटरनं येते; पात्याचा वेग तिच्या निम्मा असला की जोर सर्वांत जास्त मिळतो, आणि या चाकाला तो मिनिटाला १२० फेऱ्यांवर जुळतो. म्हणून चाकाचा आस थेट जात्याच्या वरच्या तळीला, म्हणजे वरच्या दगडाला, जोडायचा. पट्टा नको, पुली नको. पीठ कोमटच राहतं.

खरी डोकेदुखी आसाच्या खालच्या टोकाची. तिथं बसवून दिलेलं बॉल बेअरिंग सप्टेंबरलाच खडखडायला लागलं. सील कितीही घट्ट असो, गढूळ पाण्यातली बारीक वाळू आत शिरतेच. आता पोलादी टोक गनमेटलच्या (तांबं-कथलाच्या मिश्रधातूच्या) वाटीत टेकवलंय. वाटीही झिजते, पण सावकाश, आणि कुठल्याही लेथवर दुसरी करून मिळते. वाटी ज्या आडव्या लाकडावर बसते त्याचं एक टोक बोल्टनं वर-खाली होतं. दळण जाड की बारीक ते तिथं ठरतं. वाटी झिजेल तशी वरची तळी खाली येते. दगडावर दगड घासल्याचा कोरडा खर्रखर्र आवाज आला की लगेच पाणी तोडा आणि बोल्ट पाव फेरा फिरवून तळी उचला.

वैरण, म्हणजे जात्यात पडणारं धान्य, संपल्यावर जातं रिकामं फिरू देऊ नये. टाके, म्हणजे दगडावर टाकीनं पाडलेल्या खाचा, बोथट होतात, पिठात कच येते. नव्यानं टाकी लावल्यावर पहिली २ किलो कणी दळून टाकून द्यावी, जनावरांनाही घालू नये.

दमट नाचणीचं पीठ पुढं सरकत नाही, तळ्यांमध्ये त्याची थापी बसते. परातीत गरम करून, पूर्ण गार झाल्यावरच जात्यात टाकावी. जोंधळा आठ दिवसांपुरताच दळा. शिळ्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते, भाकरी थापताना कडेला चिरते.

पाटाचं काम रोजचंच. जाळी तिरकी, अर्ध्या इंचाची. जुलै-ऑगस्टात दिवसातून दोनदा पाचोळा काढावा लागतो. खेकडे मातीच्या पाटाला बिळं पाडतात, मग सकाळी पाणी निम्मं. बीळ वरून लिंपून भागत नाही; खणून चिकणमाती ठोकून भरा.

डिसेंबरनंतर ओढा आटत जातो. पाणी १३ लिटरवर आलं की पावणेदोन इंची तोंड लावा आणि वैरण तासाला ३ किलोवर आणा. फेऱ्या तेवढ्याच राहतात. मोठं तोंड तसंच ठेवलं तर पाइप भरून राहत नाही, वरचा उतार वाया जातो आणि जातं अडतं.