कॅनन ईएफ ८-१५ मिमी एफ/४ एल फिशआय: निसर्गचित्रांसाठी घ्यावी का?

२०११ मध्ये आलेली ही फिशआय (रेषा वाकवून अतिशय रुंद दृश्य टिपणारी) झूम लेन्स फुल-फ्रेमवर (३६×२४ मिमी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ८ मिमीला पूर्ण गोल चित्र देते आणि १५ मिमीला चौकट कोपऱ्यापर्यंत भरते, कर्णावर १८० अंश. मधल्या आकड्यांवर वर्तुळ वरखाली कापलं जातं आणि कोपरे काळे राहतात. निसर्गचित्रणात कामाची बाजू १५ मिमीचीच.

पर्स्पेक्टिव्ह (जवळच्या-दूरच्या वस्तू एकमेकांच्या तुलनेत किती लहान-मोठ्या दिसतात ते) लेन्समुळे बदलतं हा गैरसमज पक्का रुजलेला आहे. ते ठरतं आपण कुठे उभे आहोत त्यावरून. वाइड लेन्समध्ये पुढचा दगड अवाढव्य दिसतो, कारण आपण त्याला खेटून उभे असतो. लेन्स फक्त एवढंच ठरवते की विस्तीर्ण दृश्य सपाट सेन्सरवर पसरायचं कसं. साधी १६ मिमी सरळ रेषा सरळ ठेवते, पण अगदी कोपऱ्यातली वस्तू केंद्रापासून बाहेरच्या दिशेने मधल्यापेक्षा जवळपास तिप्पट ताणते. गोल गोटा तिथे लांबुळका होतो, ढग ओढल्यासारखे दिसतात. या फिशआयमध्ये गोटा बऱ्यापैकी गोलच राहतो. वाकतात त्या रेषा.

त्यातही केंद्रातून जाणारी रेषा वाकत नाही, आणि या लेन्सची सगळी गंमत तिथेच आहे. क्षितिज बरोबर मध्यावर ठेवा, ते सरळ येतं. कॅमेऱ्याचं तोंड थोडं वर केलं की समुद्राची वाटी होते, खाली केलं की घुमट. म्हणून ट्रायपॉडवर लेव्हल लावूनच काम करावं, नको असलेलं आकाश नंतर क्रॉप करावं. कडेला उभी झाडं असतील तर ती आत झुकणारच. तिथे साधी वाइडच बरी. वळणदार किनारा, खडकाळ दऱ्या, आकाशगंगा यांत मात्र वाकलेपण खुपत नाही. सॉफ्टवेअरने रेषा सरळ करता येतात, पण कोपरे पुन्हा ताणले जातात आणि तपशील विरळ होतो.

१५ मिमी, एफ/८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) वर एक मीटरवर फोकस केलं की साधारण अर्ध्या मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. सर्वात जवळच्या फोकसला वस्तू काचेपासून जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरवर असते, तेव्हा फुगीर काच दगडावर घासणार नाही हे बघा. पुढे फिल्टर बसत नाही, मागे जिलेटिन फिल्टरची (कापून बसवायच्या पातळ पत्र्यासारख्या फिल्टरची) खाच आहे. ८ मिमीकडे जाताना हूड (लेन्सपुढची प्रकाश अडवणारी कड) काढावाच लागतो, नाहीतर तोच चित्रात येतो. उभ्या चौकटीत ट्रायपॉडचे पाय आणि स्वतःचे बूट दर वेळी तपासावेत.