सुईने गुण आला, म्हणूनच फसले

गेल्या मार्चअखेरीस ताळेबंदांचे काम उरकताना माझा उजवा खांदा असा काही धरला की मान वळवणे अशक्य झाले. ओळखीच्या एका बाईंनी ‘ड्राय नीडलिंग’ (स्नायूत औषधाविना बारीक सुई टोचण्याचा उपचार) करणाऱ्या केंद्राचा पत्ता दिला. तेथील ताईंनी बोटाने चाचपून खांद्याच्या स्नायूतली दोरीसारखी ताठर गाठ शोधली आणि ती दाबताच कळ थेट कानशिलापर्यंत गेली. स्नायूतील अशा जागेला ट्रिगर पॉइंट म्हणतात आणि तिची वेदना दूर कुठे उमटते याचे नकाशे अमेरिकेतील डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल व डॉ. डेव्हिड सिमन्स यांनी १९८३ मध्ये ग्रंथरूपाने मांडले, हे मी पुढे वाचले. औषध नसलेली, केसासारखी बारीक सुई आत जाताच स्नायू फडफडला, दुसऱ्या दिवशी जागा ठणकली आणि तिसऱ्या दिवशी मान मोकळी झाली. इथवर खोटे काहीच नव्हते.

पुढच्या भेटीत माझ्या पाठीवर पेनाने २३ फुल्या मारून त्यांचा फोटो मला दाखवण्यात आला. या गाठी वेळीच काढल्या नाहीत तर वर्षभरात हात लुळा पडेल, असे सांगून २० बैठकांचे २४,००० रुपयांचे पॅकेज ‘आजच भरल्यास’ १८,००० रुपयांत देऊ केले. ट्रिगर पॉइंटने हात लुळा पडत नाही. हाताला खरोखर बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल, तर मानेतली नस दबली आहे का हे डॉक्टरांनी तपासावे लागते. पण आराम ताजा होता, म्हणून मी पैसे भरले. आकडेमोडीत आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला एवढा हिशेब सुचू नये, की दोन-तीन दिवसांच्या आरामाला २० ने गुणले तरी तो कायमचा होत नाही!

सहाव्या बैठकीत माझ्या नावाची पट्टी चिकटवलेल्या स्टीलच्या डबीतून सुया निघाल्या. “तुमच्याच आहेत, दुसऱ्या कोणाला लावत नाही,” असे उत्तर मिळाले. वास्तविक या सुया निर्जंतुक, बंद पाकिटात येतात आणि एकदा वापरल्या की टाकून द्यायच्या असतात. त्याहून भीती वाटली ती याची, की मला स्टुलावर बसवून, फोनवर बोलत बोलत त्यांनी पाठीच्या कण्याशेजारी सुई खुपसली. तिथे स्नायूंच्या आणि बरगड्यांच्या आत लगेच फुप्फुस असते. सुई खोल गेली तर फुप्फुसाभोवती हवा साचून जिवावर बेतू शकते. नोंदणी क्रमांक विचारला, तेव्हा भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवले गेले. ते दोन दिवसांच्या कार्यशाळेतील हजेरीचे होते.

नंतर एका नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी मला पालथे झोपवले, पाकीट माझ्यासमोर फोडले, स्नायू चिमटीत धरून दोनच सुया लावल्या आणि उरलेला सगळा वेळ माझ्या खुर्चीची उंची व खांद्याचे व्यायाम यांवर घालवला. पैसे त्या-त्या भेटीचे.

राहिलेल्या १४ बैठकांचे १२,६०० रुपये परत मागितले, तेव्हा पावती पहिल्यांदाच नीट वाचली. तिच्यावर ‘वेलनेस सदस्यत्व, परतावा नाही’ एवढेच होते. सुईचा किंवा बैठकांच्या संख्येचा उल्लेखही नव्हता. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. केंद्राने आजवर दिलेले एकमेव उत्तर असे, की माझे सदस्यत्व चालू आहे आणि मी केव्हाही यावे.