झाकणाची बरणी की उघडा बाउल?

काचेच्या भांड्यात छोटी झाडं लावायची तर हे दोन पर्याय. ठाण्याच्या घरी पूर्वेच्या खिडकीपाशी माझ्याकडे दोन्ही होते. लोणच्याच्या जुन्या काचेच्या बरणीत फिटोनिया, सेलाजिनेला ही ओल आवडणारी झाडं आणि शेवाळ. शेजारच्या उघड्या बाउलमध्ये हावर्थिया आणि एकेव्हेरिया ही जाड पानांची रसाळ झाडं. आता बरणीच उरली आहे.

दिसायला बाउल उजवा, यात वाद नाही. बरणी सकाळी आतून घामेजते आणि लवकर आलेल्या पाहुण्याला नुसतं धुकं दिसतं. दुपारपर्यंत काच निवळते. दिवसभर निवळलीच नाही, तर पाणी जास्त झालंय. एक-दोन दिवस झाकण काढून ठेवायचं. सुरुवातीला एखाद्या मेलेल्या पानावर पांढरी बुरशी येते, ते पान चिमट्याने उचलून टाकलं की भागतं. कडक ऊन मात्र बरणीवर येता कामा नये, आतली झाडं उकडून निघतात.

मला नको झालं ते बाउलचं पाणी. तळाला भोक नाही. खालच्या खड्यांमुळे निचरा होतो असं सांगतात, पण पाणी जाणार कुठे? ते खड्यांत साचतं. वरून माती कोरडी, खाली ओल. उन्हाळा निभावला. जुलैत हवाच इतकी दमट की तीन आठवडे माती सुकेना. एकेव्हेरियाची खालची पानं आधी काचेसारखी पारदर्शक झाली, मग बोट लागलं की गळायला लागली. दुसऱ्या वर्षी मी चमच्याने मोजून पाणी घातलं, पावसाळ्यात तर जवळजवळ नाहीच. तरी एक झाड गेलंच, कारण मी गावी असताना घरातल्या कुणीतरी मायेने पेलाभर पाणी ओतलं होतं. कुंडी असती तर ते खालून निघून गेलं असतं. झाकण लावलेल्या बरणीत असं कुणी ओतत नाही.

दुसरा त्रास धुळीचा. आमची खिडकी वर्दळीच्या घोडबंदर रोडच्या बाजूला; बाउलमधल्या झाडांवर धूळ बसायची, बंद बरणीत ती शिरत नाही. लंडनचे डॉक्टर नथॅनिएल वॉर्ड यांची नेची शहराच्या काजळीने जगत नव्हती. १८२९च्या सुमारास बंद बाटलीतल्या ओल्या मातीत मात्र एक नेचं आपोआप उगवलं आणि टिकलं. माझ्या खिडकीत तेच घडतंय म्हणा ना.

विदर्भात किंवा सोलापूरकडे, कोरड्या हवेत, बाउल कदाचित छान चालेल. किनारपट्टीला राहत असाल आणि जीव रसाळ झाडांवरच असेल, तर मी भोकाची मातीची कुंडी घेईन. ती झाडं बंद बरणीत तर अजिबात नकोत.

बरणीला शेवटचं पाणी गणपतीत दिलं होतं, फवाऱ्याचे आठ-दहा फवारे. आता संक्रांत आली. आज सकाळीही काच घामेजलेली होती.