रास्पबेरी पाय ४ वर दुसरा सिरीयल पोर्ट: आठ महिन्यांनंतर

पिंपळगावजवळच्या एका द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये माझा रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक आठ महिने अखंड चालू आहे. आरएस-४८५ (दोन तारांचा, ए आणि बी, सिरीयल संपर्क) वरून थ्री फेज एनर्जी मीटर वाचायचा आणि खोलीचं तापमान नोंदवायचं, एवढंच काम.

आधी मीटर नेहमीच्या ८ आणि १० नंबरच्या पिनांवर जोडला. मीटर ढिम्म. ए-बी वायर उलटसुलट करून पाहिल्या, १२० ओहमचा रेझिस्टर लावला, काढला. दोन दिवस गेले. मीटर ९६०० बॉड (डेटाचा वेग), इव्हन पॅरिटीवर (चूक पकडायला जोडलेला जादा बिट) होता, आणि पाय ४ वर या पिनांना मुळात मिनी यूआर्ट (कमी क्षमतेचा सिरीयल पोर्ट) जोडलेला असतो. त्याला पॅरिटी जमतच नाही! पूर्ण क्षमतेचा यूआर्ट, म्हणजे पीएल०११, ब्लूटूथच्या वाट्याला गेलेला असतो. ब्लूटूथ बंद करून तो परत घेता येतो, पण मला ८-१० वर कन्सोल (केबल लावून लॉगिन करायची सोय) हवाच होता. साइटवर मॉनिटर नाही.

पाय ४ च्या चिपमध्ये आणखी चार पीएल०११ आहेत, यूआर्ट २ ते ५. पाय ३ वर ही सोय नाही. कॉन्फिग फाइलमध्ये 'डीटीओव्हरले=यूआर्ट३' अशी ओळ टाकून रीबूट केलं आणि मीटर लगेच बोलला. पण तापमानाचा सेन्सर गायब! यूआर्ट ३ जीपीआयओ ४ (चिपच्या क्रमाने पिनेचं नाव) घेतो, आणि सेन्सर ज्यावर चालतो त्या वन-वायरचीही ठरलेली पिन तीच. यूआर्ट ४ एसपीआयच्या (इतर उपकरणं जोडायची आणखी एक पद्धत) पिनांवर बसतो. म्हणून शेवटी यूआर्ट ५ घेतला: जीपीआयओ १२ आणि १३, म्हणजे हेडरवरच्या ३२ आणि ३३ नंबरच्या पिना. तिथे पीडब्ल्यूएम (मोटर-एलईडी कमीजास्त करायचा सिग्नल) वापरत असाल तर आधी तो हलवा. पाय आणि मीटरच्या मधलं आरएस-४८५ मॉड्यूल ३.३ व्होल्टचंच घ्या, ५ व्होल्टचा सिग्नल या पिनांना चालत नाही.

एक काळजी घ्याच. माझ्याकडे हा पोर्ट आधी टीटीवायएएमए१ नावाने दिसायचा, नव्या कर्नलवर (लिनक्सचा गाभा) टीटीवायएएमए५ झाला आणि नोंदी थांबल्या. आता यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांना नावं देणारी व्यवस्था) नियम लिहून त्याला 'मीटर' हे कायमचं नाव दिलंय, प्रोग्रॅममध्ये तेवढंच आहे.

मध्यंतरी एका रात्री तिथलं नेटवर्क पडलं. लॅपटॉपची यूएसबी-सिरीयल केबल ८-१० वर लावली, १,१५,२०० वर लॉगिन आलं, पाच मिनिटांत दुरुस्ती झाली. नंतर नोंदी तपासल्या, तर त्या वेळातलं मीटरचं एकही रीडिंग सुटलेलं नव्हतं.